कॅल्क्युलस समजून शिकायचंय? धरणाच्या बातमीपासून सुरू करा

बारावीत मला गणितात चांगले मार्क होते. इंटिग्रेशनचे सगळे प्रकार पाठ होते, कुठे सबस्टिट्यूशन आणि कुठे बाय पार्ट्स ते गणित बघता क्षणी कळायचं. पुढे सिव्हिल केलं आणि पहिल्याच कामावर एका ओढ्याचा क्रॉस सेक्शन हातात आला, या काठापासून त्या काठापर्यंत दर मीटरला पाण्याची खोली मोजलेली, आणि सरांनी सांगितलं याचा एरिया काढून दे. मी अर्धा तास फॉर्म्युला शोधत बसलो. ओढ्याला कुठला फॉर्म्युला असणार? शेवटी सर्व्हेचे काका आले, त्यांनी कागदावर उभ्या पट्ट्या पाडल्या, एकेका पट्टीचं क्षेत्रफळ काढलं, बेरीज मारली आणि पाच मिनिटांत कागद माझ्या हातात दिला. ते इंटिग्रेशन होतं. जे मी दोन वर्षं रोज करत होतो ते प्रत्यक्ष समोर आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही, आणि हे मला अजूनही लागून राहिलंय.

आता संध्याकाळी अकरावी-बारावीची काही मुलं घरी शिकायला येतात, त्यांना मी उलट्या बाजूने शिकवतो. आधी वस्तू, मग टेबल, मग ग्राफ, आणि फॉर्म्युला सगळ्यात शेवटी. तीच पद्धत इथे लिहितोय. अकरावीत जाणाऱ्यांना चालेल, इंजिनिअरिंगला एम-वन एम-टू म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणितात अडकलेल्यांना चालेल, आणि नोकरीला लागून दहा वर्षं झाली पण हे एकदा नीट समजून घ्यायचंय अशांना तर नक्कीच चालेल. वही, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर, दोरा, पट्टी आणि घरातली भांडी एवढं पुरे.

सुरू करण्याआधी एक तपासणी

कॅल्क्युलस अवघड जातं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांचं कॅल्क्युलस अडलेलंच नसतं, अडलेलं असतं आठवी-नववीचं बीजगणित. अपूर्णांकांची वजाबाकी, कंसाचा वर्ग, अवयव पाडणं, सरळ रेषेचा स्लोप, आणि ग्राफ बघून "इथे काय चाललंय" ते तोंडी सांगता येणं, एवढं येतंय का बघा. नसेल तर लाज न बाळगता आठवडाभर तेवढंच करा, पुढचे तीन महिने वाचतील.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, ही उडी आपल्याकडे हजारो मुलं दरवर्षी मारतात आणि त्यात "विथ रिस्पेक्ट टू" सारखे शब्द नुसते डोक्यावरून जातात. ते मराठीत करून घ्या. विथ रिस्पेक्ट टू टाइम म्हणजे वेळेच्या मानाने. रेट ऑफ चेंज म्हणजे बदलाचा वेग. गणिताखाली एकदा मराठीत लिहून काढलं की वेळेच्या मानाने पाणी कसं बदलतंय, तर निम्मं काम झालं.

पायरी 1: फक्त दोन प्रश्न ओळखायला शिका

सगळं कॅल्क्युलस दोन प्रश्नांवर उभं आहे. किती वेगाने बदलतंय? आणि एकूण किती झालं? पहिला डेरिव्हेटिव्ह, दुसरा इंटिग्रल.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळेच हे दोन प्रश्न रोज वाचतो. "धरणात इतके टीएमसी पाणीसाठा, इतक्या हजार क्युसेकने आवक, इतक्या क्युसेकने विसर्ग." टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या हिशोबात 100 कोटी घनफूट. हे साचलेलं पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. हा वेग. एक आहे साठा, दुसरा आहे प्रवाह, आणि या दोन्हींची गल्लत करू नका. आवक पाच हजार क्युसेकने वाढली म्हणजे धरण पाच हजारने भरलं असं काही नसतं. किती वेळ ते सांगितल्याशिवाय क्युसेकवरून साठा कळतच नाही.

एक आकडा स्वतः काढा. धरणात दिवसभरात एक टीएमसी पाणी यायला किती क्युसेक लागतील? दिवसाचे सेकंद 86,400. 100 कोटी भागिले 86,400, उत्तर साधारण 11,574. हा आकडा लक्षात ठेवा, मग पेपर वाचताना मजा येते. खडकवासल्याची क्षमता जेमतेम 1.97 टीएमसी आहे, कोयनेची 105.25. आता समजा दोन्ही रिकामी आहेत आणि येणाऱ्या पाण्यातून सोडलेलं वजा जाता निव्वळ दहा हजार क्युसेक आत राहतंय. खडकवासला सुमारे 55 तासांत भरेल. कोयनेला जवळपास 122 दिवस लागतील. पुण्यात पाऊस वाढला की नदीपात्रात पाणी सोडायचा इशारा इतक्या पटकन का येतो, ते या एका भागाकारात दिसतं, धरण छोटं आहे, थांबवून ठेवायला जागाच नाही.

इथे एक सवय लावून घ्या जी पुढे सगळीकडे उपयोगी पडते. प्रत्येक आकड्याला युनिट लिहा. वेग काढताना युनिटचा भागाकार होतो, एकूण काढताना गुणाकार. क्युसेक गुणिले सेकंद म्हणजे घनफूट. किलोमीटर भागिले तास म्हणजे वेग. गणित वाचून डेरिव्हेटिव्ह घ्यायचा की इंटिग्रल हे कळत नसेल तर दिलेलं युनिट आणि मागितलेलं युनिट शेजारी शेजारी लिहा, उत्तर तिथेच असतं.

पायरी 2: टेबल भरा, फॉर्म्युला अजिबात नको

हे क्युसेकमधले आकडे मी सरावासाठी आखलेत, पण खरे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात येतात, तेही घ्या.

सकाळी 6: आवक 20,000, विसर्ग 5,000
दुपारी 12: आवक 32,000, विसर्ग 5,000
संध्याकाळी 6: आवक 26,000, विसर्ग 20,000
रात्री 12: आवक 14,000, विसर्ग 20,000
दुसऱ्या दिवशी सकाळी 6: आवक 8,000, विसर्ग 20,000

वजाबाकी करा म्हणजे निव्वळ आवक मिळेल: 15,000, 27,000, 6,000, उणे 6,000, उणे 12,000. मधल्या वेळात आकडे सरळ रेषेत बदलले असं धरू. पहिल्या सहा तासांची सरासरी 21,000 आणि सहा तासांचे सेकंद 21,600, गुणाकार 45 कोटी 36 लाख घनफूट. दुसऱ्या सहा तासांत सरासरी 16,500, म्हणजे 35 कोटी 64 लाख. तिसऱ्या टप्प्यात सरासरी शून्य, आधी थोडं वाढलं आणि तेवढंच कमी झालं. चौथ्यात सरासरी उणे 9,000, म्हणजे 19 कोटी 44 लाख घटले. एकूण बेरीज 61 कोटी 56 लाख घनफूट, साधारण 0.62 टीएमसी. हे इंटिग्रल. एकही चिन्ह न वापरता, फक्त पट्ट्या पाडून, ओढ्याच्या काकांसारखं.

आता माझा आवडता प्रश्न, तो मी प्रत्येक मुलाला विचारतो आणि पहिल्यांदा बहुतेक सगळे चुकतात. धरणात सगळ्यात जास्त पाणी कधी होतं?

दुपारी बारा असं उत्तर येतं, कारण आवक तेव्हा सगळ्यात जास्त आहे. पण बारानंतर आवक कमी व्हायला लागली तरी येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्तच आहे, म्हणजे साठा वाढतोच आहे, फक्त हळू वाढतोय. साठा वाढायचा थांबतो जेव्हा आवक आणि विसर्ग सारखे होतात, आणि आपल्या टेबलात निव्वळ आवक संध्याकाळी सहाला अधिक 6,000 आणि रात्री बाराला उणे 6,000 आहे, म्हणजे बरोबर मध्ये, रात्री नऊला. आवकेचं टोक दुपारी बाराला आणि साठ्याचं टोक रात्री नऊला. नऊ तासांचा फरक! या एका टेबलात डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे काय, मॅक्झिमम कुठे असतो, वेग कमी होणं आणि वस्तू कमी होणं वेगळं कसं, हे सगळं बसलेलं आहे. दोन ग्राफ एकाखाली एक काढा, वर निव्वळ आवक, खाली साठा, आणि वरचा ग्राफ जिथे आडव्या रेषेला छेदतो तिथून खाली उभी रेषा ओढा. ती रेषा साठ्याच्या ग्राफच्या शिखरावर जाऊन पडते. हे हाताने काढा, मोबाईलवर नको, पहिल्यांदा तरी हातानेच.

हीच गल्लत महागाईच्या बातमीत होते. महागाईचा दर 6 वरून 4 टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नाहीत, त्या महागतच आहेत, महागायचा वेग कमी झालाय. आईला हे समजावून सांगता आलं तर तुम्हाला समजलंय.

पायरी 3: एका क्षणाचा वेग म्हणजे काय

सरासरी वेग सगळ्यांना येतो, अंतर भागिले वेळ. पण स्पीडोमीटर "आत्ता" किती ते दाखवतो, आणि आत्ता म्हणजे वेळ शून्य, अंतर शून्य, शून्याला शून्याने भागायचं कसं? याच जागी लिमिट येतं आणि याच जागी पुस्तकं एकदम अवघड होतात.

विहिरीत दगड सोडा, निदान मनात. हवेचा अडथळा सोडला तर टी सेकंदांत दगड 4.9 गुणिले टीचा वर्ग इतके मीटर खाली जातो. बरोबर 2 सेकंदाला त्याचा वेग किती? 2 सेकंदाला तो 19.6 मीटर खाली आहे. 2.1 सेकंदाला 21.609. मधला सरासरी वेग 2.009 भागिले 0.1, म्हणजे 20.09. आता मधला वेळ कमी करा. 2 ते 2.01 मध्ये 19.649 येतं. 2 ते 2.001 मध्ये 19.6049. बघा आकडा कुठे सरकतोय, 19.6 कडे. शून्याने आपण एकदाही भागलं नाही, फक्त मधला वेळ लहान लहान करत गेलो आणि उत्तर कुठे जाऊन टेकतंय ते बघितलं. लिमिट एवढंच आहे. दुसऱ्या बाजूनेही करा, 1.9 ते 2, 1.99 ते 2, तिकडूनही 19.6 कडेच येतं का बघा, कारण दोन्ही बाजूंनी एकाच जागी आलं तरच लिमिट आहे म्हणायचं.

हे टेबल किमान तीन वेगवेगळ्या क्षणांसाठी कॅल्क्युलेटरवर करा, 1 सेकंद, 2 सेकंद, 3 सेकंद. 9.8, 19.6, 29.4 आलं की पॅटर्न स्वतःच दिसेल, वेग म्हणजे 9.8 गुणिले टी. स्वतः सापडलेला फॉर्म्युला विसरत नाही. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा नावाची काटेकोर व्याख्या नंतर बघा, ती महत्त्वाची आहे पण ती पहिल्या दिवशी वाचायची गोष्ट नाही.

आणि हा प्रश्न काही फक्त युरोपात पडला असं नाही. आपल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ग्रहांची रोजची सरासरी गती पुरत नाही म्हणून "तात्कालिक गती" काढली, म्हणजे त्या क्षणाची गती, आणि त्यात ज्येचा म्हणजे साइनचा बारीक फरक कोज्येच्या म्हणजे कोसाइनच्या प्रमाणात असतो हे वापरलं. त्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. पुढे केरळात गणितज्ञ माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने अनंत पदांच्या बेरजा केल्या. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात या सगळ्याची एक सर्वसाधारण पद्धत बनवली, कुठल्याही वक्राला चालणारी, ते श्रेय त्यांचंच. पण तात्कालिक हा शब्द मला इन्स्टन्टेनियसपेक्षा फार जवळचा वाटतो, मुलांना मी तोच सांगतो.

पायरी 4: नियम पाठ करण्याआधी पट्टी जोडून बघा

एक्सच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह 2 एक्स. का? गोधडी घ्या. चौकोनी गोधडी, बाजू 10 फूट. तिला दोन बाजूंनी एच फूट रुंदीचा काठ लावायचाय आणि गोधडी चौकोनीच ठेवायचीय. दोन लांब पट्ट्या लागतील, प्रत्येकी 10 गुणिले एच, आणि कोपऱ्यात एक इवलासा चौकोनी तुकडा, एच गुणिले एच. एच 0.1 फूट असेल तर पट्ट्या मिळून 2 चौरस फूट आणि कोपरा फक्त 0.01. काठ जितका बारीक तितका कोपरा नगण्य. मग वाढ राहिली दोन पट्ट्यांची, म्हणून 2 एक्स. ते 2 म्हणजे दोन बाजू! घन असेल तर तीन चौकोनी फळ्या लागतात, म्हणून 3 गुणिले एक्सचा वर्ग. गोधडी आयताकृती असेल आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने वाढत असतील तर तोच प्रॉडक्ट रूल म्हणजे गुणाकाराचा नियम, एका बाजूची पट्टी अधिक दुसऱ्या बाजूची पट्टी.

भाकरी थापताना बघा. भाकरीची त्रिज्या थोडीशी वाढली की कडेला एक बारीक गोल पट्टी वाढते, तिची लांबी म्हणजे परीघ. म्हणून वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे परीघ. पाय आर वर्गाचा डेरिव्हेटिव्ह 2 पाय आर येतो तो योगायोग नाही. आणि उलट, अशा सगळ्या पट्ट्या मधल्या बिंदूपासून सरळ करून एकावर एक रचल्या तर त्रिकोण होतो, पाया 2 पाय आर, उंची आर, क्षेत्रफळ पाय आर वर्ग. एकाच भाकरीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल दोन्ही.

चेन रूल, म्हणजे एका बदलातून दुसरा बदल होतो तेव्हाचा नियम, त्याला सायकल. पुढे 44 दाते, मागे 16, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक 2.75 वेळा फिरतं. चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात 5.8 मीटरच्या आसपास. दोन दरांचा गुणाकार केला, बस, चेन रूल झाला.

साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन, याला भिंतीवरचं कॅलेंडर काढा. त्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. दर महिन्याच्या 21 तारखेला दिवस किती मोठा ते लिहा. मुंबईकडे डिसेंबरात दिवस साधारण 11 तासांचा, जूनमध्ये साधारण सव्वातेरा तासांचा, ग्राफ काढला की साइनसारखी लाट दिसते. मग दर महिन्याला दिवस किती मिनिटांनी वाढला ते काढा आणि त्याचा दुसरा ग्राफ काढा. दिवस सगळ्यात मोठा असतो तेव्हा, 21 जूनच्या आसपास, वाढ शून्य. आणि दिवस-रात्र सारखी असते तेव्हा, मार्चमध्ये, वाढ सगळ्यात जास्त, रोज मिनिटभराहून थोडी जास्त. दुसरी लाटही पहिल्यासारखीच, फक्त तीन महिने आधी. वर्षाचा पाव भाग. तीच कोसाइन.

पायरी 5: सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान

30 सेंटिमीटरचा चौकोनी कार्डशीट घ्या. चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापा, बाजू वर दुमडा, चिकटपट्टी लावा, उघडा खोका तयार. किती सेंटिमीटरचा कोपरा कापला तर खोक्यात सगळ्यात जास्त मावेल? माझ्याकडची मुलं प्रत्यक्ष खोके करतात, 3, 4, 5, 6, 7 सेंटिमीटरचे, आणि चुरमुरे भरून बघतात. गणिताने 4 ला 1,936, 5 ला 2,000 आणि 6 ला 1,944 घनसेंटिमीटर येतं. चुरमुऱ्यांनी 4, 5, 6 मधला फरक जेमतेम कळतो, आणि तीच शिकण्याची गोष्ट आहे, शिखराजवळ ग्राफ सपाट असतो, म्हणूनच तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य. 3 आणि 5 मधला फरक मात्र डोळ्यांना दिसतो. मग आकडेमोडीने डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून 5 काढा. 15 पण उत्तर येतं, पण 15 कापला तर खोकाच उरत नाही, हे कागद हातात असेल तर कोणी सांगावं लागत नाही.

बारावीतलं लग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम एका वाक्यात. एक्सप्रेसवेवर 20 किलोमीटर तुम्ही 10 मिनिटांत पार केलं तर सरासरी ताशी 120, मग वाटेत किमान एका क्षणी तुमचा काटा बरोबर 120 वर होताच. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही, दोन ठिकाणच्या वेळांवरूनच मर्यादा मोडल्याचं सिद्ध होतं.

पायरी 6: तांब्याचं घनफळ

हा प्रयोग टाळू नका. घरातला पोटाला फुगीर, गळ्याला निमुळता तांब्या घ्या. याला कुठलाही फॉर्म्युला नाही. उंची मोजा, समजा पाणी भरतो तिथपर्यंत 12 सेंटिमीटर. मनात 2 सेंटिमीटरच्या सहा चकत्या पाडा आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध दोरा गुंडाळून परीघ मोजा. मला आलेले परीघ खालून वर 30, 37, 40, 38, 30, 24. परिघावरून चकतीचं क्षेत्रफळ काढायचं, परिघाचा वर्ग भागिले 4 पाय, म्हणजे भागिले 12.57. आले साधारण 71.6, 108.9, 127.3, 114.9, 71.6, 45.8. बेरीज 540, गुणिले जाडी 2, उत्तर 1,080 मिलिलिटर.

मग मोजपात्राने पाणी ओता. माझा तांब्या 1,050 च्या आसपास भरला. तीस मिलिलिटर कुठे गेले यावर पंधरा मिनिटं बोला, त्यातच खरं शिक्षण आहे. दोरा बाहेरून गुंडाळलाय, म्हणजे पत्र्याची जाडी आपण पाण्यात धरली. आणि चकत्या जाड होत्या, भांडं तर वळत जातं. एक एक सेंटिमीटरच्या बारा चकत्या केल्या की दुसरी चूक कमी होते पण पहिली तशीच राहते. चकत्या अनंत बारीक केल्या की जे मिळतं ते इंटिग्रल, आणि त्याचं ते लांबट चिन्ह म्हणजे ताणलेला एस आहे, बेरजेच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर, 1675 मध्ये लायब्निझने वापरलं. पुढे डीएक्स लिहितात ती चकतीची जाडी. ते विसरलं की मार्क जातात असं सांगतात, पण जाडी विसरलो तर घनफळच होत नाही हे कारण आहे.

आता पायरी 2 कडे परत या. निव्वळ आवकेच्या पट्ट्या जोडून साठ्यात किती भर पडली ते काढलं. उलट, साठ्याच्या ग्राफचा स्लोप घेतला तर निव्वळ आवक परत मिळते. बेरीज आणि वेग एकमेकांच्या उलट्या क्रिया आहेत, याला फंडामेंटल थिअरम म्हणतात. याच्यामुळेच 4.9 टी वर्गसारखा फॉर्म्युला माहीत असेल तर हजार पट्ट्या पाडायची गरज नाही, शेवटच्या वेळेचा आकडा वजा सुरुवातीचा आकडा, काम झालं.

पायरी 7: चहा

डिफरन्शियल इक्वेशनला घाबरतात, खरं म्हणजे तो फक्त एक नियम असतो, आत्ता किती आहे त्यावर बदलाचा वेग ठरतो. चहा जितका गरम तितका पटकन निवतो. किचन थर्मामीटर मिळाला तर दर पाच मिनिटांनी मोजा. समजा खोली 25 डिग्री, चहा 85 वरून पाच मिनिटांत 70 वर आला. पुढच्या पाच मिनिटांत 55 होईल असं वाटतं, तसं होत नाही. खोलीपेक्षा 60 ने जास्त होता तो 45 ने जास्त राहिला, म्हणजे पाऊणपट. पुढे परत पाऊणपट, 33.75, म्हणजे चहा 58.75 वर. मग साधारण 50, मग 44. दर वेळी वजाबाकी नाही, गुणाकार. इथून घातांकी फंक्शन आणि ई हा आकडा सुरू होतो, आणि हेच बँकेच्या चक्रवाढ व्याजाला उलट दिशेने लागू होतं.

पायरी 8: आता खुशाल रट्टा मारा

समजलं म्हणजे परीक्षा सुटली असं मी अजिबात म्हणणार नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे तांब्याला दोरा गुंडाळायला वेळ नाही. फॉर्म्युले पाठच पाहिजेत, इंटिग्रेशनचे प्रकार हातात बसलेच पाहिजेत, त्यासाठी रोज दहा गणितं, वेळ लावून. फक्त क्रम बदला. पहिल्या आठ आठवड्यांत रोज अर्धा-पाऊण तास वरच्या पायऱ्या, साधारण आठवड्याला एक, पायरी 4 ला दीड-दोन आठवडे द्या, मग सराव. जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही ग्राफ काढायची दोन्ही ॲप्स फुकट आहेत, हाताने चार ग्राफ काढून झाल्यावर त्यावर ग्राफवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर एच लहान करत न्या आणि त्या बिंदूंतून जाणारी छेदणारी रेषा स्पर्शरेषा होताना बघा.

सराव करताना तीन गोष्टी. गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज आणि युनिट लिहायचं, उत्तर धन येणार की ऋण एवढं तरी. इंटिग्रल सोडवला की उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घेऊन पडताळायचं, याला मिनिट लागतं आणि चूक जागच्या जागी सापडते. आणि चुकांची वेगळी वही, त्यात चुकलेलं गणित नाही तर चूक का झाली ते एका ओळीत, "चेन रूलमध्ये आतला डेरिव्हेटिव्ह राहिला" किंवा "उणे चिन्ह कंसात गेलं नाही". महिन्याभरात दिसतं की त्याच चार-पाच चुका फिरून फिरून येतायत, आणि त्यातल्या दोन तरी नववीच्या बीजगणितातल्या असतात.

अडलात तर गणित धरणाच्या भाषेत लिहून बघा. यात साठा कुठला, आवक कुठली, विसर्ग कुठला? गेल्या वर्षी एका मुलीला रेडिओअ‍ॅक्टिव्ह क्षयाचं गणित कळत नव्हतं, तिने वहीत लिहिलं "साठा आहे, आवक नाही, विसर्ग साठ्याच्या प्रमाणात", आणि पुढचं समीकरण तिने स्वतःच मांडलं.